फोटोच्या दिवशीचे शिंगाडे

माय, मी चंद्रपुरात आहो. दवाखान्याच्या बाकावर बसून तुले लिहून राह्यलो. तू असती तरी मलेच वाचून दाखवा लागलं असतं, म्हणून अक्षराची फिकीर नाई.

तुह्या आतडीचा फोटो काढाले आपण चिमूरहून पह्यल्या गाडीनं आलतो. मुरडा उठे, परसाकडे रक्त पडे, तू निस्ती वाळून गेलती. काई खाऊन जाऊ नका, असं डॉक्टरनं बजावून सांगतलं होतं. इथी फोटोवाल्या भाऊनं इचारलं, "बाई, काई खाल्लं का?" तू म्हणे, "नाई जी. शिंगाडेच खाल्ले थोडेसे." आपल्याच तलावातले, उकडून पदरात बांधलेले. तो म्हणे, "अवो बाई, ते खाणंच झालं ना." तू म्हणे, "असं कसं जी? उपासाले चालते." "देवाले चालत असन, मशीनले नाई चालत." सारे हासले, सगळ्यात जास्त मी. उद्या या म्हणून त्यानं आपल्याले वापस लावलं. मी त्या भाऊची नक्कल करून गावभर ही गंमत सांगत फिरलो.

दुसऱ्या दिवशी तुले ते पांढरं औषध पाजलं, भिंतीच्या चुन्यावानी घट्ट. ते पोटात जसं खाली सरके तसा तो एकेक फोटो काढे. तुह्या ओठावर पांढरी मिशी आलती. मी म्हणलं, "माय, तू तं पाटील दिसून राह्यली." तू म्हणे, "घरी चाल पोट्ट्या, मंग पाय तुही पाटीलकी." वापस येताना तू फोटो गाडीच्या खिडकीले धरते. जाड पांढरी आतडी एका जागी दोऱ्याएवढी बारीक झालेली. "गाळानं पाट बुजते तसं आहे बाबू हे," म्हणते, आन् फोटो पाकिटात सरकवते. पुढच्या वर्षी तलावात शिंगाडे लागाच्या आधीच तू गेली.

आता मलेबी तेच लागलं, मुरडा आन् रक्त. आता चुना नाई, मिशी नाई. बाटलीभर पाणी पाजतात, नसेत सुई टोचतात आन् मशीनच्या गोल भोकातून सरकवतात. आतडी कुठी सुजली ते दिसते म्हणे. डॉक्टर म्हणते, वेळेवर समजलं तं गोळ्यांवर भागन, उशीर केला तं कापा लागन.

खिशात शिंगाडे आहेत, बसस्टँडवर घेतले. काऊन घेतले, मलेच समजलं नाई. मघा एक सोलला, तोंडाजवळ नेला, आन् तुहं तोंड आठवलं. उद्या या म्हणल्यावर कसं मोकळं झालतं ते. एकादशीले पाण्याचा थेंब न घेणारी तू. उपाशी राहणं काय असते ते तुले सांगा लागते का? तू जाणूनच खाल्ले, माय. तुले भेव लागलं होतं, आन् मी हासत होतो.

आता माहं नाव पुकारून राह्यले. मलेबी लय भेव लागलं आहे, पण हे मी कोणाले सांगतलं नाई. हा सोललेला शिंगाडा ह्याच कागदात गुंडाळून खिशात ठेवतो. भाईर आल्यावर खाईन.