पाय मुरगळलेल्या नऊ नंबरच्या जागी दिलेल्या बदली खेळाडूबाबत

प्रति,
मा. स्पर्धाप्रमुख,
विभागीय कनिष्ठ महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा (मुली), लातूर

विषय : अंतिम सामन्यात दोन फ्री थ्रोंच्या मधे खेळाडू बदलू दिल्याबाबत खुलासा.

संदर्भ : आपले जानेवारीतले पत्र, ज्याला मी उत्तर दिलेले नाही.

महोदय,

१. उपरोक्त पत्रात आपण एकच प्रश्न विचारला होता : लातूरच्या संघातील नऊ नंबर खरोखर जखमी होती काय? उत्तरासाठी चार ओळींची जागाही सोडली होती. मी पहिल्या मसुद्यात 'होती' लिहिले, दुसऱ्यात 'नव्हती', तिसऱ्यात 'असावी'. त्यापुढचे मसुदे माझे मलाच समजत नाहीत.

२. वस्तुस्थिती अशी की, सामना संपत आला असता गुण बरोबरीत होते व नऊ नंबरला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला हुकला. लगेच ती पाय धरून खाली बसली आणि तिचे प्रशिक्षक हणमंतराव ओरडले, "सर, पाय मुरगळला पोरीचा, दुसरी देतो!" नियमाप्रमाणे फ्री थ्रो ज्याचा त्यानेच मारायचा असतो; मधेच बदली चालत नाही. मारणारा जखमी झाला, तरच त्याच्या जागी येणाऱ्याने मारावा. जखम खरी की खोटी हे कसे ओळखावे, याबद्दल पुस्तक गप्प आहे, म्हणून मीही गप्प राहिलो. प्रेक्षकांतून कोणी विचारले, "चाचा, शिट्टी मारून राहिले का अभ्यास करून राहिले?" मी मान हलवली. ती परवानगी समजली गेली.

३. बदली मुलीचा चेंडू आत पडला. लातूर एका गुणाने पुढे गेले व सामना संपला. त्याच वेळी नऊ नंबर मैदानाबाहेरच्या रिक्षाकडे धावत होती. तिच्या क्लासची टेस्ट होती, असे नंतर कळले. हरलेल्या मुखेडच्या संघाने हरकत घेतली. मी घरी येऊन मुरगळलेल्या पायाने किती धावता येते, यावर वाचन सुरू केले.

४. माझ्यापुढील पेच असा : जखम खोटी तर गुण रद्द, गुण रद्द तर बरोबरी, बरोबरी तर पाच मिनिटांचा जादा खेळ. तो आता कधी घ्यावा? मी चौकशी केली. लातूरच्या मुलींना रविवारीही टेस्ट असते.

५. पंच म्हणून माझी निवड कोणी केली, हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे. मी निवृत्त ग्रंथपाल. त्र्याण्णवच्या भूकंपात मी नियमपुस्तक घेऊन घराबाहेर पळालो. पत्नी शकिला मागून स्वतःच्या पायांनी आली. ही हकिकत ती पाहुण्यांना चहाआधी सांगते.

६. आज मुखेडहून साहेबराव आले. त्यांची मुलगी महामाया त्या संघात होती. निकाल अडल्यामुळे कोणालाच प्रमाणपत्र नाही, आणि ते या आठवड्यात मिळाले नाही तर तिला बारावीचे खेळाचे वाढीव गुण मिळणार नाहीत. मी त्यांना जादा खेळाचा पेच समजावू लागलो. ते म्हणाले, "सर, पोरगी जिंकली लिहा न्हाईतर हरली लिहा, पन लिहा. दुसऱ्या नंबरलाबी सर्टिफिकेट हाय." ही गोष्ट माझ्या वाचनात आली नव्हती.

७. सबब उत्तर : जखमी नव्हती. त्या गुणाचे काय करावे ते आपण ठरवावे. निकाल मात्र या आठवड्यात लावावा, ही विनंती. पंचांच्या यादीतून माझे नाव कमी केल्यास माझी हरकत नाही. शकिलाचीही नाही.

आपला नम्र व दिरंगाईबद्दल शरमिंदा,
सय्यद तय्यब अली
नांदेड, ३ मार्च १९९८

सोबत : काही नाही. बारा पानी टिपण जोडले होते. साहेबरावांनी काढून ठेवले.

(पाकिटाच्या पाठीवर) टपालपेटीपाशी उभा राहून लिहीत आहे. पाकीट टाकण्यासाठी सोबत आलेल्या साहेबरावांपुढे केले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. आता टाकतो.