आबांच्या दाराचा डबा

आदर्श,

आबा सापडलेत, आता झोपलेत. तू कॉलेजात तासाला आहेस, फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

दुपारी मी आंघोळीला गेलो आणि ते दार उघडून बाहेर पडले. दार उघडलं की मला येतो तो मेसेज आलाच नाही. तू दाराला जोडलेला छोटा काँप्युटर तापून बंद पडला होता. त्या बंद प्लास्टिकच्या डब्यात तो आणि त्याची एसएसडी डिस्क दोन्ही कोंबलेत, वारा जायला जागाच नाही. तुझ्या जोडणीत खोट नाही, डबा चुकला.

आबा राजारामपुरीच्या स्टॉपवर उभे होते. मला ओळखलं नाही, म्हणाले, "पावणं, मुरगूडची गाडी गेली काय?"

मी म्हटलं, "न्हाय, वेळ हाय अजून. तवर घरात बसूया की." तसे आले माझ्याबरोबर.

दुकान बंद व्हायच्या आत नवा डबा आणतो. पंख्याचा नको, घरघर ऐकली की आबा वायरी उपटतील. ॲल्युमिनियमचा बघतोय. आवाज न करता थंड राहतो, एसएसडीला वेगळा कप्पाही आहे. धातूच्या आत वाय-फाय नीट पोचणार नाही, तेव्हा राउटरपासून वायर ओढावी लागेल.

शेजारच्या लीलाकाकू दाराशी बसल्यात. आलास की त्यांना मोकळं कर आणि तिथं तू बस. मोबाइल काढू नकोस. आबा उठून निघाले तर हात धरू नकोस, चहा विचार. चहाला ते थांबतात.

आणि त्यांनी तुला नावानं हाक मारली तर लगेच मला फोन कर.

यशदादा