खरा बिघाड

३ डिसेंबर
दहिवलीत आले. सिनेमाच्या संकलनासाठी निर्मात्याने चक्क बंगला दिलाय, समोर माथेरानचा डोंगर. सामान लावून झाल्यावर पडवीत उन्हात बसून दोन पेरू खाल्ले. पुण्यातल्या कोंदट खोलीपुढे हे म्हणजे माहेरपण.

स्वयंपाकाला वनिता येते, डोंगराखालच्या वाडीतून. तिने या सिनेमात कामही केलंय: रानात हरवलेल्या पोरांना वाट दाखवणारी बाई. पोरं परत येत नाहीत, त्यांचा मोबाइल सापडतो आणि त्यातलं चित्रीकरण म्हणजे आपला सिनेमा. वनिताने पळी हातात धरूनच ऐकवलं, "सुनीतीताई, मी म्होरं चालते त्यात. बाकी समदी मागं." तांदळाची भाकरी मात्र अशी पातळ थापते की बघत राहावं.

४ डिसेंबर
दिग्दर्शक केयूरचा मुंबईहून फोन. भूत आलं की दर वेळी ग्लिच हवा म्हणे: पडद्यावर आडव्या रेषा, खरखर, रंग फाटलेले. मी म्हटलं, अरे, मोबाइलमध्ये टेप नसते, रेषा कुठून येतील? खरखर गच्चीवरच्या अँटेनाबरोबर गेली. लोक त्यालाच घाबरतात, असं त्याचं म्हणणं. नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या हातून एकही रेषा पडणार नाही, हवं तर दुसरी संकलक बघ, असं सांगून फोन ठेवला. जेवण छान गेलं.

५ डिसेंबर
वनिता पायवाटेने पुढे चालते त्या शॉटमध्ये, तिच्या पाठीमागे, आडव्या रेषा! केयूरने चोरून घातल्या असणार म्हणून चित्रीकरणाचं मूळ मेमरी कार्ड उघडलं, तर तिथेही त्याच. तो शपथेवर नाही म्हणाला आणि लगेच म्हणाला, राहू दे, मस्त आहेत.

मी पोटभर हसले. खुद्द भुताने केल्या असतील, तर तेही सिनेमे बघूनच शिकलेलं दिसतंय. खरा बिघाड असा नसतो. चित्र अडकतं, मग त्याचे चौकोन पडतात आणि एकेका चौकोनात आधीच्या क्षणाचा तुकडा राहून जातो. हे केयूरला सांगितलं नाही. फुकटची अक्कल कशाला वाटा? फक्त इथे लिहिलं.

६ डिसेंबर
रेषा गेल्या. चौकोन आलेत. अगदी बरोबर. एका चौकोनात वनिताने केव्हाच मागे टाकलेली करवंदीची जाळी अजून हलते आहे. वनिताच्या डाव्या हातावर, कोपरापर्यंत, चौकोनच चौकोन.

मी हे कुणाजवळ बोलले नव्हते. फक्त या वहीत लिहिलं होतं. हात दाखवून अवलक्षण.

दुपारी वनिताच्या हातून परात पडली. डावा हात चोळत म्हणाली, "हात हाय ताई, पन माझा वाटत नाय."

७ डिसेंबर
शॉटमध्ये चौकोन खांद्यापर्यंत. वनिताचा हात लोंबतोय. तिला कर्जतला डॉक्टरकडे नेलं, त्यांना काही सापडलं नाही. केयूर खूश, हा शॉट ट्रेलरला घेणार. मी पुसायला गेले आणि थांबले. तिचा हात त्यात आहे. पुसला तर—

भीती वाटते. त्याहून जास्त राग येतो. त्या बाईच्या पोटापाण्याचा हात आहे तो.

८ डिसेंबर
ही वही वाचतोस ना? मग वाच. माझं चुकलं होतं. चौकोन अडाणी लोक वापरतात. खरा बिघाड म्हणजे आडव्या रेषा, खरखर, फाटलेले रंग. मी या धंद्यात मुरलेली बाई आहे, माझं ऐक.

९ डिसेंबर, सकाळ
रेषा आल्या! आडव्या, भडक, जत्रेतल्या. वनिताने दोन्ही हातांनी भाकऱ्या थापल्या, मी परातीशी बसून रडले. शॉट रेषांसकट ठेवला. केयूरला वाटतंय तो जिंकला. वाटू दे. पण कसं बनवलं त्या वही वाचणाऱ्या मूर्खाला! भूत म्हणे. शुद्ध थाप मारली, तीही पच—

हे लिहायला नको होतं.

दुपार
खोडलं. तरी वाचलंच असणार.

वनिताला वाडीवर पाठवलं. येऊ नकोस म्हटलं. ती जाईना. ओरडले तेव्हा गेली.

संध्याकाळ
शॉट स्वच्छ. रेषा नाहीत, चौकोन नाहीत. वनिता धडधाकट चालते आहे. म्हणजे तिथून निघालं—

भिंतीवर चौकोन. एकात सकाळचं ऊन. आत्ता, दिवेलागणीला.

एकात वनिता, भाकरी थापताना— नाही, ती गेली, मी जाताना पाहिलं—

डावा हात आहे. माझा वाटत नाही.

बरं झालं, माझा. तिचा नाही.

उजवा अजून चालतोय. माफी मागणार नाही. पळणारही नाही. पुन्हा शिकवते, नीट वाच, गाढवा. चौकोन खोटे. खरा बिघाड म्हणजे आडव्या रे