गालांची सूज आणि तुमची घाई

अहो,

सप्रेम नमस्कार. लेक आणि नात दोघी खुशाल आहेत, हे आधी वाचा आणि मग बोलणी खा.

वन्संनी फोनवर सगळं सांगितलं. आतड्याचं दुखणं शांत झालं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या तुम्ही एकदम बंद केल्यात आणि चौथ्या दिवशी भोवळ येऊन न्हाणीघराच्या दारात बसलात. का, तर मी परत यायच्या आत गोळ्यांनी सुजलेले गाल ओसरावेत! साठीत नवरदेव व्हायची हौस!

दीड वर्ष गोळी घेतल्यावर शरीर तसलं स्टेरॉइड स्वतः तयार करायचं विसरतं, त्याला हळूहळू सवय लावावी लागते, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. तेव्हा मान कोण डोलावत होतं? आता त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, तर त्यांनी लिहून दिल्याप्रमाणेच कमी करायच्या. अंग गळालं, उलटी झाली, तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जायचं. मला बरं वाटावं म्हणून "उत्तम आहे" म्हणू नका.

जेवण जातं का? जिना चढताना दम लागतो का?

लेक म्हणते, "आई, फोन वाजला की दचकतेस किती!" मी म्हटलं, वय झालं.

नातीचे गाल हुबेहूब तुमच्या आत्ताच्या गालांसारखे आहेत. दिवसभर मुके घेते.

मी येईन तेव्हा चेहरा कसाही असू द्या. दार तुम्ही उघडा, एवढंच मागणं आहे.

रागावलेली,
तुमचीच