बेसच्या मानेतला चौथा स्क्रू

बाबा, तुमच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी याच वहीत तुम्हाला लिहिलं होतं की चांदीपच्या हळदीच्या कार्यक्रमात वाजवताना तुमच्या बेस गिटारची मान हवेतल्या ओलीमुळे सरकली. ते चूक आहे. त्या आठवड्यात हवा कोरडी होती, आई अंगणात मिरच्या वाळवत होती, आणि हे मला तेव्हाही आठवत होतं. मान माझ्यामुळे सरकली. अकरा वर्षं ते वाक्य मी तसंच राहू दिलं. काल त्यावर रेघ मारली.

हे काम मी तुमच्याकडेच शिकले. गिरीजच्या घराची मागची पडवी, एका खिळ्याला केळीचे लोंगर कापायचा कोयता आणि शेजारच्या खिळ्याला स्क्रूड्रायव्हरांची कापडी पिशवी. सकाळी वाडीला पाणी आणि दुपारी लोकांच्या गिटारी. मी नऊ वर्षांची असेन. तुम्ही बेसच्या तारा सैल करता, गिटार पालथी घालता, मान धडाला जोडणारे चार स्क्रू काढता आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ज्या जागेचा त्या जागी टोचून ठेवता, कारण प्रत्येक स्क्रू आपल्या भोकात मुरलेला असतो. मग मान उचलून माझ्या मांडीवर ठेवता. "धर. बाळ धरतात तशी नको, भोपळा धरतात तशी धर." परत जोडायची वेळ आली की स्क्रू माझ्या हातात. "आधी उलटा फिरव, बाय. जुने आटे सापडले की किंचित खाली बसतो. बसला? आता सुलटा." आणि घट्ट झाला की थांबायचं. मला थांबवत नसे. नीट बसलाय की नाही या धास्तीने मी अजून अर्धा पीळ द्यायचे, आणि तुम्ही एकदा माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतलात. ओरडला नाहीत. म्हणालात, "जा, अळवाला पाणी घालून ये. हात थंड झाला की ये." मी पाणी घातलं, रडले, परत आले. हात थंड झाला नव्हता, पण तसं सांगितलं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी तुम्ही तुमच्या बँडमधल्या ड्रमवाल्या काकांबरोबर चांदीपला मांडव बघायला गेला होतात. मी सोळा वर्षांची, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. कितीतरी दिवस तुम्ही म्हणत होता की बेसच्या तारा उंच झाल्यात, बोटांची सालटं निघतात, पण लोकांच्या गिटारी आधी. मला तुम्हाला चकित करायचं होतं. तारा सैल केल्या, चार स्क्रू पुठ्ठ्यावर टोचले, मान उचलली. जिथे ती बसते त्या खाचेत, आतल्या टोकाला, तुमची जुनी पट्टी होती. तिच्यावर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची आणखी एक ठेवली, म्हणजे मान किंचित मागे कलते आणि तारा खाली येतात. हे मी तुमच्याकडेच पाहिलं होतं. तीन स्क्रू नीट बसले. चौथाही बसला होता. मग मी तो अर्धा पीळ दिला. आत सुकी शेंग फुटावी तसा आवाज झाला आणि स्क्रू नुसताच गोल फिरू लागला. मानेतल्या लाकडाचे आटे गेले होते.

तेव्हा मी काय केलं ते नारळाखाली वाढलेल्या माणसालाच सुचेल. आपल्याकडे भोक बुजवायचं म्हणजे हीर, झावळीच्या पातीची कडक काडी. पाण्याच्या नळीला, कोयत्याच्या हललेल्या मुठीला, सगळ्याला. मी खराट्यातून दोन हीर मोडले, गमात बुडवून भोकात खुपसले आणि स्क्रू फिरवला. घट्ट. मला अभिमान वाटला. हिराची पाठ गुळगुळीत असते, तिला गम धरत नाही, आणि तारांचा ताण आला की ती हळूच सरकते, हे आज मला शिकवायला सांगितलं तर मी पहिल्या दिवशी शिकवीन. संध्याकाळी तुम्ही येऊन बेस वाजवलात आणि हसलात. "काय गो, आज बोटं खूश आहेत. तारांना काय झालं?" मी म्हटलं, उद्या सांगते. कार्यक्रम झाल्यावर सांगून शाबासकी घ्यायची होती.

चांदीपला तीन गाणी छान झाली. चौथ्यात जाड तार काठाकडे सरकली आणि सूर उतरला. तुम्ही खुंटी पिळलीत, तो पुन्हा उतरला. कीबोर्डवाला माइकमधून म्हणाला, "बेसवाले जेवून आले नाहीत वाटतं!" मांडव हसला, तुम्हीही हसलात. गाणं संपल्यावर तुम्ही चारही स्क्रू हाताने चाचपलेत. घट्ट लागले. माझी दुरुस्ती चाचपून कळणारी नव्हती. परतताना टेम्पोत मी तुमच्या आणि काकांच्या मध्ये बसले होते. तुम्ही काकांना म्हणालात, "स्क्रू ठीक आहेत रे. सूर उतरलेला मला बराच वेळ कळलाच नाही. कान गेले माझे." काका म्हणाले, "कान नाही, वय." सांगायला जागा होती, माझ्या डाव्या आणि उजव्या खांद्याला तुम्ही दोघंच होता.

तुम्ही बेस भिंतीवर लावलात तो परत काढला नाहीत. लोकांच्या गिटारी करत राहिलात, पण शेवटचा सूर माझ्याकडून तपासून घेऊ लागलात. "तू ऐक. माझ्या कानांचं काही खरं नाही." मी ऐकायचे आणि सांगायचे, बरोबर आहे बाबा. तुमचं दर वेळी बरोबरच असायचं. दीड वर्षाने तुम्ही गेलात. तुमच्या कानांना काही झालं नव्हतं, आणि हे ठाऊक असलेली त्या घरात मी एकटी होते.

आता मी विरारला हेच काम करते. किती माना उतरवल्या आणि चढवल्या त्याची गणती नाही. स्क्रू बसला की हात उचलते, मग तीनदा येऊन बघते, पण पिळत नाही. फक्त तुमच्या बेसला हात लावला नाही. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "बाय, तो बेस भिंतीवर कशाला सडवते? माझी नात चर्चच्या क्वायरमध्ये वाजवते, दे तिला. झकास वाजवते पोरगी." आणि मग हसून, "फक्त तुझ्या बाबाचे कान नको देऊ बरोबर!" इतक्या वर्षांनीही त्यांचा तो विनोद चालू आहे. तुमच्या मागे तुमची एवढीच गोष्ट उरली आहे, आणि ती खोटी आहे.

रविवारी गिरीजला गेले तेव्हा आई म्हणाली, "पुसून दे की नुसता. उघडतेस कशाला? चांगला तर दिसतोय." पुसून दिला तर त्या मुलीच्या चौथ्या गाण्यात मान पुन्हा सरकेल आणि तीही आपल्या कानांना बोल लावील. म्हणून उघडणार आहे. हीर काढायचे, भोक गोल आणि स्वच्छ करायचं, मानेच्याच जातीच्या लाकडाची काडी बसवायची, गम एक दिवस सुकू द्यायचा, नवीन भोक पाडायचं. लग्नपत्रिकेचा कागद काढून एकच नीट पट्टी. काडी तासून तयार आहे. हे सगळं मी विरारच्या खोलीत दार लावून करू शकते, कोणाला पत्ताही लागणार नाही, आणि दोन दिवस मी तसंच करायचं ठरवत होते. परंतु त्याने फक्त लाकूड नीट होईल. म्हणून काकांना गिरीजला बोलावलं आहे. चौथा स्क्रू त्यांच्यासमोर काढायचा, हीर त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि तुमचे कान शेवटपर्यंत चांगले होते हे सांगायचं. आई तिथेच असेल. तिलाही ते तेव्हाच कळेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. एक कबूल करते, बाबा. तुम्ही आज असतात तर मी अजूनही सांगितलं नसतं, बरोबर आहे बाबा एवढंच म्हणत राहिले असते. काकांना मी नुसतं बेस न्यायला या म्हटलंय, कारण आधी फोनवर सांगितलं तर त्या दिवशी उघडायची गरजच नाही असं मी स्वतःला पटवीन. येत्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता.