सडपातळ जेट

४ मे
…आणि ग्राफ उघडला, तसा खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. शोध लागला.
पुढे मुलाखतीत विचारतील म्हणून सोप्या भाषेत लिहून ठेवतो. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळला की कणांचा फवारा उडतो, तो जेट. त्याच्या पोटात कण कसे पसरलेत, हे मी मोजतो. सिद्धांताप्रमाणे जेट गुबगुबीत हवेत. माझे सडपातळ आहेत. म्हणजे सिद्धांत चुकला.
बुधवारची कॉफी मीटिंग एप्रिलपासून सोडली, म्हणूनच हे जमलं. तिथे बिस्किटांपलीकडे काही नसतं.

५ मे
संकल्प : कुणाला काही सांगायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या टकलूने विचारलं, काय, आज स्वारी खुशीत? म्हटलं, झोप चांगली झाली. तो म्हणाला, ऑफिसात की घरी? माणूस हलका आहे.

११ मे
बायकोचा फोन. पोरीच्या शाळेचं ठरवायचंय, महिनाअखेर ॲडमिशन बंद, आम्ही तिकडे यायचं की नाही ते एकदाचं सांग, म्हणाली. म्हटलं, हा रिझल्ट आला की नोकरी कायम. मग घर, शाळा, सगळं. म्हणाली, हेच तू गेल्या वर्षी म्हणालास. गेल्या वर्षीचा रिझल्ट वेगळा होता. तिला संख्याशास्त्र कळत नाही.
पोरीने फोन घेतला. बाबा, तुझ्याकडे माझी खोली कोणती? खिडकीची, म्हणालो.
खोली एकच आहे. पण खिडकी आहे.

१९ मे
एकटं वगैरे वाटत नाही. याला एकाग्रता म्हणतात. कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवतो. टकलू ओरडला, अरे ये की इकडे, भिंत काय पळून जातेय? गेलो नाही. त्याने पुन्हा बोलावलं नाही. बरंच झालं.
पुन्हा बोलावलं असतं तर कदाचित गेलो असतो.

२४ मे
संकल्प : रिझल्ट मांडेपर्यंत घरचा फोन घ्यायचा नाही. एकदम आनंदाचीच बातमी द्यायची. संध्याकाळी वाजला. घेतला नाही. मग फोन मांडीवर ठेवून बसलो. परत वाजला नाही.

३१ मे
ॲडमिशनची शेवटची तारीख. काळजीचं कारण नाही, पोरगी इथल्याच शाळेत जाणार. दोन खोल्यांचं घर बघून आलो. घरमालकीण म्हणाली, माणसं किती? तिघं, म्हणालो. नुसतं बोलूनही बरं वाटलं. परतताना पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं.

११ जून
ग्रुपसमोर मांडलं. नवा शर्ट. शेवटच्या स्लाइडवर : 'नवं भौतिकशास्त्र?' प्रश्नचिन्ह नम्रता म्हणून.
प्रमुख बाईंनी चष्मा काढून विचारलं, गर्दी कशी वजा केलीत? (एक टक्कर होते तेव्हा आजूबाजूला आणखी पुष्कळ होत असतात. त्यांचे उपरे कण जेटमध्ये घुसतात, ते काढून टाकावे लागतात.) मी म्हणालो, स्वतः केली, पूर्ण केली. बाई म्हणाल्या, अहो, एप्रिलपासून फाइलमध्ये ती आम्हीच वजा करून देतो. कॉफी मीटिंगला सांगितलं होतं.
म्हणजे एकदा त्यांनी, एकदा मी. जेट सडपातळ नव्हते, उपाशी होते.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाहेर टकलू म्हणाला, भल्या माणसा, विचारायचंस तरी, मी हात पुढे केला तरी तुला लागतो.
तरीसुद्धा पद्धत म्हणून काम चांगलंच आहे. आता ठरलं. उद्या उठल्याबरोबर घरी फोन. सांगायचं, नोकरीचं बघू, तुम्ही तोवर या. जागा लहान पडेल, पण या.

१२ जून
सकाळी फोन केला. सासूबाईंनी घेतला. बायको ऑफिसला निघून गेली होती. पोरगी शाळेत गेली होती, तिथल्याच, नव्या. डबा घरीच राहिला होता, तो पोचवायला निघाले आहे, नंतर करा, म्हणाल्या.