लेंड्यांचं पोतं

सोलापूर, गिरणीची चाळ
मृगाचा दुसरा आठवडा, सन १९३४

तीर्थस्वरूप गं. भा. आईस,
बिरप्पाचे शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. म्हणजे आक्का क्षेम, हरिबादाजी क्षेम, त्यांची केरा तीन वर्षांची असून दहा वर्षांची बडबड करते, तीही क्षेम. माझा पाय तेवढा बांबूच्या कामट्यांत आहे. पडल्या पडल्या लिहितोय म्हणून अक्षर तिरकं. शाळेतही तिरकंच होतं, हे पत्र वाचून दाखवताना विरुपाक्ष मास्तर सांगतीलच तुला. तिसरीतून मेंढरांमागं गेलो नसतो तर सरळ झालं असतं म्हणावं.

आये, हितं खोलीला एक खिडकी, तिला गज. गजांतून गिरणीची भिंत दिसते, भिंतीच्या वर धुराडं, न् मधे आभाळ. आभाळ म्हणजे आपल्या घोंगड्याएवढं. भोंगा वाजला की सगळी चाळ उठते, भोंगा वाजला की जेवते. मला कुठं जायचं नाही, तरी भोंगा झाला की माझा पाय उठायला बघतो न् कामट्यांत अडकतो. काल मालगाडी गेली. तिचे डबे मोजायला लागलो तर तेवढ्यात केरानं माझी भाकर शेजारच्या जमीलाभाभीच्या कोंबडीला घातली. त्या कोंबडीला एकच डोळा आहे, पण भाकर बरोबर दिसते. भाभी हसून म्हणाली की तुझ्या मामाला कळप पाहिजेच आहे, हिलाच हाकू दे. कुठं होतो मी? पायावर.

हाडवैद्य म्हणतो हाड धरतंय. ओढ्याकाठच्या त्या बाभळीचं नाव काढलं की अजून कळ येते. मेंढरांना शेंगा पाडायला चढलो न् शेंगांबरोबर मीच पडलो! पण ऐक. आण्णामामाला माझा निरोप सांग. दसऱ्याला कळप वेळापूरच्या अंगाला निघेल तेव्हा माझी तीस मेंढरं मीच हाकणार. आण्णाच्या बाळासोच्या हाती द्यायची नाहीत. आण्णा म्हणाला होता की पाय झाला नाही तर बाळासो आहेच. तर पाय होणार आहे म्हणावं. फांद्या ओढायची माझी आकडीही कुणाला देऊ नको.

आता कामाचं. खोलीच्या मागं परस आहे, दोन बाजा मावतील एवढं. मोरीचं पाणी तिकडंच जातं. आक्कानं तिथं दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडू टाकलाय न् चार भेंड्या. पण माती कसली, निम्मी धुराड्याची राख. मी आक्काला म्हणालो की शेतकरी आपल्या लेंड्यांसाठी आण्णाच्या पाया पडतात, न् तू राखेत बी टाकतेस व्हय? तर लालसाबच्या गाडीतून लेंड्यांचं एक पोतं पाठव. लोकर न् टकळीही पाठव. हात रिकामा असला की मला वेड लागायची पाळी येते.

कळपातल्या काळीला माझा आवाज ऐकव म्हणणार होतो, पण पत्रातून आवाज कसा जाणार? लोभ आहे तेवढा ठेव, उरला तर काळीला दे.

तुझा
बिरप्पा


मैंदर्गी
बेंदराचा आदला दिवस

चि. बिरप्पास गोजाबाईचे अनेक आशीर्वाद.

मास्तर म्हणतात तुमी बोला तसं मी लिवतो. तर बोलते. पत्र पोचलं. लेकरू आजारी पडलं की आईजवळ लाडू मागतं, माझं लेकरू लेंड्या मागतंय. गल्लीत सांगितलं तर दानम्मा हसून हसून भिंतीला टेकली. तरी पोतं भरलंय. मेंढरांच्या वाडग्याच्या कोपऱ्यात ढीग होता, तू पडलास त्या आठवड्याचा. कुणी हात लावला न्हवता, माझंच मन होत न्हवतं. वाळून खडंग झालाय. लालसाब म्हणाला की बैलगाडीत असला माल त्यानं उभ्या जल्मात न्हेला न्हाय, वास आला तर पोत्याशेजारी तुझ्या आईलाच बसवतो. त्याला भाकर-ठेचा दिला, गप झाला.

लोकर धुऊन पिंजून दिलीय. नीट कात, घोंगड्याला सूत एकसारखं लागतं.

आण्णाला निरोप दिला. त्यानं ऐकलं न् मेंढरं मोजाय गेला. आकडी आढ्याला खोचलीय, तू ठेवलीस तितंच. पायाचं खरं लिव. पाय माझ्याच पोटातनं आलाय, मला कळाय पायजे.

काळी बरी हाय. आशीर्वाद हायतच, भेटीची वाट बगते.

गोजाबाई

ता. क. बिरप्पा, अक्षर तिरकं असले तरी वाचता आले. ‘क्षेम’ हा शब्द अचूक लिहिलास, आनंद झाला. — विरुपाक्ष


सोलापूर
नागपंचमी झाली

तीर्थस्वरूप आईस शि. सा. न. वि. वि.

आये, उगवलंय! लई उगवलंय! पोतं आलं त्या दिवशी दाजीनं न् आक्कानं मला उचलून परसात नेलं. मी बसल्या बसल्या बोटांनी लेंड्या फोडून पसरल्या. केरा लेंड्या उचलून एकेक मला देत होती, जणू प्रसाद. तो वास नाकात गेला न् आये, मी डोळे मिटून घेतले. आपल्या वाडग्यात बसलोय असं वाटलं. मग भोंगा वाजला.

आता रोज सकाळी परसातच बसतो. राखेतून हिरवी हिरवी रोपं वर आलीत, दाट. बारीक बारीक पानं, कातरलेली. आक्का म्हणते झेंडू असाच असतो, पान कातरलेलं. एवढं बी तिनं टाकलं नव्हतं, पण लेंडीची ताकद! दाजी गिरणीतून आला की कापूस झटकायच्या आधी परसात डोकावतो. सगळे मिळून तिथंच भाकरी खातो. आक्का कांडताना म्हणायची ती गाणी म्हणते, केरा त्यात भलतेच शब्द घालते. कालच्या गाण्यात तिनं माझा पायही घातला.

कताईचं सांगायचं राहिलं. मला चालता चालताच कातता येतं हे आजवर मला ठाऊकच नव्हतं! बसून कातायला गेलो की टकळी जमिनीला लागते न् सूत तुटतं. चालायचं म्हटलं तर पाय. मग दाजीनं पाण्याच्या पिंपावर फळी टाकली, मी वर बसतो, टकळी खाली सोडतो. राजासारखा दिसतो म्हणे. जमीलाभाभी म्हणाली की राजाला प्रजा म्हणून तिची कोंबडी आहेच. सूत पहिल्यांदा गाठीगाठीचं झालं, आता बरं येतंय.

कधी कधी तासभर मला मेंढरांची आठवणच येत नाही. मग येते न् मी स्वतःवरच रागावतो. पिंपावरून उतरायचं झालं तरी कुणाला तरी हाक मारावी लागते, आये. पक्ष्याला काठीवर बसवून पाय बांधावा तसं आहे हे. पण दसरा लांब नाही. पाय बराय. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

दसऱ्याला झेंडूचं तोरण मीच करणार, मगच निघणार. लोभ ओतत राहा, इथं उगवतोय.

तुझा
बिरप्पा


सोलापूर
घट बसायच्या आधीचा सोमवार

ती. गं. भा. सासूबाईंस हरिबाचे सा. न. वि. वि.

म्हाळसा सांगते तसे लिहितो. बिरप्पा स्वतः लिहायला तयार नाही.

परसात झेंडू आला नाही. आला तो चार रोपं. बाकी सगळी बाभूळ. गुडघ्याएवढी झाली तेव्हा काटे फुटले आणि केराच्या तळव्यात काटा गेला. तेव्हा कळले. मेंढरांनी शेंगा खाल्ल्या, बी लेंड्यांतून तसेच आले. चाळभर हसू झाले, की धनगराने सोलापुरात काटे पेरले. लोक वाईट बोलत नाहीत, पण हसतात. बिरप्पा मात्र केराच्या पायातला काटा काढून जो आत गेला, तो भिंतीकडे तोंड करून निजला. म्हणतो, जिच्यावरून पडलो तीच माझ्यामागं आली. म्हाळसा सगळं उपटायला निघाली तर उपटूही देत नाही.

दुसरे, आणि हेच खरे कारण. हाडवैद्याने कामट्या सोडल्या. पाय दोन बोटे आखूड राहिला. काठी घेऊन नळापर्यंत जातो, येतो. वैद्य म्हणाला की घरात चालेल, कळपामागे चालायचा नाही. हे ऐकल्यापासून सूतही बंद आहे.

तुम्ही लिहा. तुमचे ऐकेल. म्हाळसा रडते म्हणून अधिक लिहीत नाही. लोभ आहेच, तो या घरावर राहू द्या.

आपला
हरिबा


मैंदर्गी
घट बसले

चि. बिरप्पास आईचे आशीर्वाद.

हरिबाचं पत्र आलं. मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं, मग मीच नगं म्हणाले.

पायाचं ऐकून मी वाडग्यात जाऊन बसले. किती येळ ते इचारू नगो. मग काळी आली, पदर चघळाय लागली, म्हणून उठले.

आता बाभळीचं. मला हसू आलं, रागवू नगो. आमी जल्मभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली. शेतकरी जोंधळे घालतो, आमी रातभर कळप बसवतो न् सकाळी उठून पुढच्या रानात. आपल्या मागं तितं काय उगवतं ते आपण कवा बगितलंय? तुझ्या बापानं न्हाय, आज्यानं न्हाय. शेतकरी ढेकळाबरोबर बाभळीचे कोंब खुरप्यानं काढत असतील न् आपल्याला शिव्या देत असतील. आपल्याला कोण सांगणार, आपण तर पुढच्या गावात! आपल्या घराण्यात पयला तू, लेंडी टाकून मागं थांबलेला. म्हणून तुला ठावं न्हवतं. त्यात लाजायचं काय हाय?

उपटू नगो म्हणतोस त बरं. पर केराच्या वाटेतली काढ न् कडेला लाव, कुंपण हुईल.

आण्णा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतोय. त्यानं निरोप दिलाय की सोलापुरावरनंच जायचंय, बिरप्पाला म्हणावं तुझं रान किती हाय सांग, तुझी तीस एक रात तितं बसवतो. पर बसवायचे जोंधळे घेतल्याबिगर सोडणार न्हाय, भाचा असला म्हणून काय झालं. आकडी त्याच्याजवळ दिलीय. ती कुणाच्या हातात द्यायची ते तू ठरव. मी सांगणार न्हाय, आण्णाबी न्हाय.

सूत कात. घोंगडं अर्धं राहिलंय.

गोजाबाई

ता. क. बाभळीच्या डिंकाने मी माझी शाई करीत असे. उपयोगी झाड आहे. — विरुपाक्ष


सोलापूर
दसऱ्यानंतर आठव्या दिवशी

तीर्थस्वरूप आईस बिरप्पाचे शि. सा. न. वि. वि.

रोपं कडेला लावली. खणताना एक गंमत कळली, बाभळीचं मूळ रोपाच्या दुप्पट खाली गेलेलं असतं. बरीच तुटली, पण पंधरावीस जगली. कुंपण झालं न् मी बघतो तर मी आतल्या बाजूला. आपल्याच हातानं. पिंपावर बसून बराच वेळ त्या गोष्टीकडं बघत राहिलो. मधेच एक गाढव आलं, पाठीवर कुणाची तरी सुगडी, चालवणारा कुठंच नाही. त्याचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. असो.

झेंडूच्या चार रोपांना फुलं आली. भेंडीचीही पिवळी फुलं मधे ओवून तोरण पुरं केलं. आक्का म्हणाली की भेंडीचं फूल तोरणात उभ्या जन्मात पाहिलं नाही. दाजी म्हणाला छान दिसतंय. दोघंही खरं बोलले.

मग आण्णा आला. आधी घंटा ऐकू आली, गिरणीच्या आवाजातून. मी काठी घ्यायला विसरलो, दारात पडता पडता राहिलो. बाकीचा कळप मागच्या माळावर थांबवला न् माझी तीस आण्णानं परसात घातली. मावली नाहीत, तरी घातली. चाळ सगळी बघायला. काळीनं माझा हात हुंगला, ओळखलं असं वाटलं, तर ती माझ्या हातावरून डोकं घालून सरळ बाभळीकडं गेली. आये, तीसच्या तीस तुटून पडली! काट्यासकट कोवळी बाभूळ, कडेची, मधली, भेंडी, झेंडूचे बुंधे, सगळं. मी लावलेलं कुंपण डोळ्यांदेखत खाल्लं. आक्का ओरडत होती की हाक त्यांना, हाक. मी हाकलं नाही. इतक्या महिन्यांनी माझ्या हातचं खात होती. शेवटी एकीनं मान वर करून दारावरचं तोरणही ओढलं. केरा टाळ्या पिटत होती. जमीलाभाभी कोंबडी पोटाशी धरून उभी होती.

आण्णानं जोंधळे मागितले. आक्कानं सुपात घालून दिले. देताना सूप मी धरलं होतं. आजवर मी त्या बाजूला ओटी पसरून उभा असायचो. आण्णा पागोटं सारखं करत बसला.

रात्र मेंढरांतच काढली. सकाळी बाळासो पुढं आला तेव्हा आण्णानं आकडी माझ्या हातात दिली. मी ती बाळासोला दिली. देताना हात लवकर सुटेना. त्यानं ओढली नाही, उभा राहिला. मग सुटला. काळीच्या उजव्या खुराला जपायला सांगितलं. तो व्हय म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा व्हय म्हणाला.

रेल्वेच्या फाटकापर्यंत मागं गेलो, काठी टेकत. मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. थांबायचं त्यांना मी कधी शिकवलंच नव्हतं. फाटक पडलं, मालगाडी आली. या वेळी डबे मोजले नाहीत. गाडी गेली तेव्हा पलीकडं नुसती धूळ होती.

घरी येऊन खूप वाईट गेला दिवस. तो लिहीत नाही.

सुताचे दोन गुंडे लालसाबबरोबर पाठवतोय, आधीचे न् कालचे. कालचं जरा जाड आलंय, तुला हाताला कळेल. घोंगडं झालं की ते बाळासोला दे. वेळापूरच्या अंगाला थंडी लई असते.

परसात आता एक हिरवं पान नाही. लेंड्यांचा थर मात्र घोट्याएवढा. आक्का झाडू घेऊन निघाली होती, मी झाडू दिलं नाही. हात घालून फोडून बघितल्या, आत कसलं कसलं बी आहे. मैंदर्गीपासून सोलापूरपर्यंतच्या वाटेवरचं असणार, मला एकही ओळखता आलं नाही. केरा मोरीचं पाणी वाटीनं आणून घालतेय न् घटकेघटकेला विचारतेय की काय येणार मामा. मी तिला सांगितलं की मलाही ठाऊक नाही, पण या खेपेला मी हितंच आहे, आलं की बघू.

लोभ होता तसाच असू दे. तुझ्या हातचं कुठलंही बी, पोत्याच्या तळाशी राहिलेलं सुद्धा, पाठवत जा.

तुझा
बिरप्पा